त्र्याऐंशी मिनिटं

त्या शुक्रवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये सहा मुली बसल्या होत्या, म्हणून मी ओरडले नाही. एकटी असते तर नक्की ओरडले असते.

आखातात, रास अल खैमाला येऊन आम्हाला तेव्हा सात वर्षं झाली होती. हे डोंगराच्या पायथ्याच्या एका सिमेंट कारखान्यात मेंटेनन्स बघायचे आणि मी एका इंडियन स्कूलमध्ये आठवी-नववीला फिजिक्स शिकवायचे. घरात आम्ही दोघंच. ह्यांची ड्यूटी कागदावर सहा दिवसांची होती, पण प्लँट अडला की सुट्टीचा वार वगैरे काही उरत नसे. फोन वाजायचा, हे उभ्या उभ्या चहा प्यायचे, सेफ्टी शूज चढवायचे आणि निघायचे. मी दार लावून घ्यायचे आणि हे परत येईपर्यंत कपाटं आवरायचे. आवरलेली पुन्हा आवरायचे.

भीती होती ती तिथल्या मनोऱ्याची. आठ मजल्यांचा लोखंडी मनोरा, हायवेवरून जाताना दिसायचा. दगडाचं पीठ त्यात वरून सोडतात. खाली येता येता ते तापतं, तळाशी पोचेपर्यंत आठशे अंशांच्या पुढे जातं. कधी कधी ते मध्येच कुठेतरी बुजतं. मग माणसं वर जातात, झडप उघडतात आणि लांब नळीतून हवेचा झोत मारून वाट मोकळी करतात. ह्यांनी मला हे एकदाच सांगितलं होतं. म्हणाले होते, "सुटलं ना, की ते पाण्यासारखं येतं." मी विचारलं, "पीठ? पाण्यासारखं?" तर म्हणाले, "आता तुला झोप लागणार नाही. म्हणूनच सांगत नव्हतो."

शनीशी माझी ओळख त्याहून जुनी. मिरजेच्या आमच्या घरात त्याचं नाव हळू आवाजात घेतलं जायचं. आई दर शनिवारी देवळात तेल घालून यायची. काकांना साडेसाती लागली तेव्हा घरातली सगळीच माणसं साडेसात वर्षं दबकून वागली. मग बी.एस्सी.ला असताना आमच्या सरांनी कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण लावली आणि मी पहिल्यांदा तो बघितला. पिवळसर मणी, एवढासा, आणि त्याच्याभोवती कडं. इतकं रेखीव की मी पुढे जाऊन दुर्बिणीच्या काचेवर कोणी चित्र चिकटवलंय का ते बघून आले. सर हसले. मला मात्र घाम फुटला होता. एवढी मोठी वस्तू कशालाही न टेकता खरोखर तिथे लटकलेली आहे, ह्याचीच धास्ती बसली. आईची भीती वेगळी आणि माझी वेगळी, पण दोघी एकाच ग्रहाला घाबरत होतो. शाळेत मी शनीचा क्लब काढला हे तिला मी कधी सांगितलं नाही.

क्लब निघाला तो त्या यानामुळे. वीस वर्षांपूर्वी पृथ्वीवरून निघालेलं, सात वर्षं प्रवास करून शनीपाशी पोचलेलं आणि तेरा वर्षं त्याच्या चंद्रांमधून फिरणारं यान. त्यात माणूस नव्हता. एका बसएवढं यंत्र, अंगावर सोनेरी कागद गुंडाळल्यासारखं दिसणारं. त्यानं काढलेले फोटो कोणालाही इंटरनेटवर बघायला मिळायचे, अगदी कच्चे, काळेपांढरे, ठिपके पडलेले. मी ते ऑफिसच्या प्रिंटरवर छापून लॅबच्या भिंतीवर लावायचे. सुरुवातीला वीसेक मुलंमुली आली. शेवटपर्यंत टिकल्या त्या नववीच्या सहा मुली.

त्यांनी चंद्र वाटून घेतले होते. एकीने टायटन घेतला, कारण त्याच्यावर त्या यानातून सोडलेलं एक छोटं यान पॅराशूटने उतरलं होतं. त्यानं जमिनीवरून काढलेला फोटो बघून ती म्हणाली होती, "मॅम, हे तर आपल्या वादीसारखं दिसतंय." आणि होतंच तसं. इथल्या डोंगरातल्या कोरड्या ओढ्यात असतात तसेच गोल गोटे. फक्त ते बर्फाचे, आणि तिथल्या ओढ्यांतून वाहतो तो द्रवरूप मिथेन. दुसरीने एन्सेलाडस घेतला. तो इतका लहान, की ह्या देशाच्या एका टोकाला सौदीच्या सीमेपासून दुसऱ्या टोकाला फुजैराच्या किनाऱ्यापर्यंत मावेल. पण त्याच्या बर्फाखाली समुद्र आहे आणि दक्षिण टोकाकडून पाण्याचे फवारे अवकाशात उडतात. यान त्या फवाऱ्यांतून जाऊन आलं होतं. सगळ्यात कमी बोलणाऱ्या त्रिशूरच्या मुलीने मिमास घेतला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "नोबडी टुक इट, मॅम."

त्या वर्षी यानाचं इंधन संपत आलं होतं. इंधन संपलेलं यान भरकटून कुठल्या तरी चंद्रावर आदळलं असतं आणि आपल्याकडचे जंतू तिथल्या पाण्यात गेले असते. तिथे काही जगत असेल तर? म्हणून ठरलं की यान शनीच्याच ढगांत सोडून जाळून टाकायचं. त्याआधी शेवटचे काही महिने ते शनी आणि कडी ह्यांच्यामधल्या फटीतून बावीस वेळा जाणार होतं. त्या फटीतून त्याआधी कोणतंच यान गेलं नव्हतं. पहिल्या वेळी त्यानं आपली संदेश पाठवायची मोठी तबकडी ढालीसारखी पुढे धरली, त्यामुळे कित्येक तास त्याचा आवाजच बंद होता. मला जेवण जाईना.

हे म्हणाले, "अगं, मशीन आहे ते."

"माहितीये मला."

"मग? माणूस जाऊ शकत नाही म्हणूनच तर मशीन पाठवलं. आमच्या मनोऱ्यात पाठवायला असलं काहीतरी द्या म्हणावं त्यांना." आणि ते हसले. मला हसू आलं नाही.

सप्टेंबरातल्या त्या शुक्रवारी यानाचा शेवट होता. इथल्या घड्याळाप्रमाणे दुपारीच, आणि सुट्टीच्या दिवशी. सहाही मुलींच्या घरून परवानगी घेतली आणि त्यांना माझ्याकडे बोलावलं. दीडला यायचं, साडेचारला पालक घेऊन जाणार.

सकाळी आठला ह्यांचा फोन वाजला. बोलणं ऐकूनच कळलं. "चोक झालाय," शूजची लेस बांधता बांधता हे म्हणाले. "होईल दुपारपर्यंत."

"तुम्ही वर जाणार?"

"बघतो."

'बघतो' म्हणजे जाणार. इतक्या वर्षांत मला एवढं कळत होतं.

मुली आल्या. मी लिंबू सरबत केलं होतं, सँडविचेस केली होती. लॅपटॉप टीव्हीला जोडला. अमेरिकेतल्या त्या कंट्रोल रूममधलं थेट प्रक्षेपण सुरू झालं. एकसारखे शर्ट घातलेली माणसं, काहींचे केस ह्याच कामात पांढरे झालेले. आणि मी एक छोटा पांढरा बोर्ड आणून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं:

तिथे २:३२. इथे ३:५५.

शनी इतका लांब आहे की तिथून निघालेला संदेश आपल्यापर्यंत यायला त्या दिवशी त्र्याऐंशी मिनिटं लागणार होती. प्रकाशाच्या वेगानं येऊनसुद्धा. हे मुलींना पाठ होतं, पण पाठ असणं आणि कळणं ह्यांत फरक असतो, आणि तो फरक मला त्या दिवशी घालवायचा होता. घड्याळात दोन बत्तीस झाले तसे मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"आत्ता," मी म्हणाले. "आत्ता ते तिथे जळून संपलं."

हॉलमध्ये एसीचा तेवढा आवाज राहिला.

"म्हणजे मॅम, इट्स डेड?" टायटनवालीने विचारलं.

"तिथे संपलं. इथे अजून त्याचे संदेश येतायत. सव्वा तासाहून जास्त वेळ येत राहतील."

"पण टीव्हीवर सगळे नॉर्मल बसलेत."

"त्यांनाही माहीत आहे. दुसरं काय करणार?"

"सो वी आर लिसनिंग टू अ घोस्ट," एन्सेलाडसवाली म्हणाली. ती हसायला गेली आणि तिचं हसू तसंच राहिलं.

मी खूश झाले होते. खरं तेच सांगते. मला वाटलं, आजचा पाठ जमला.

पावणेतीनला माझा फोन वाजला. नंबर अनोळखी. मी किचनमध्ये जाऊन घेतला.

"भाभीजी, मैं प्लँट के कंट्रोल रूम से बोल रहा हूँ. आप घबराइए मत."

त्या शेवटच्या तीन शब्दांवर मी ओट्याला धरलं.

"ऊपर मटेरियल छूट गया है. सर और एक फिटर सातवें फ्लोर पे थे."

"थे?"

"हैं, हैं, भाभीजी. नीचे की सीढ़ी भर गई है, धूल बहुत है, कुछ दिखता नहीं. रेडियो पे जवाब नहीं आ रहा."

"कब हुआ?"

"आधा घंटा हो गया."

मी येते म्हणाले. तो म्हणाला, गेट बंद केलंय, बंबवाले आलेत, कोणालाच आत सोडत नाहीत, कळलं की लगेच फोन करतो. आणि फोन ठेवला.

अर्धा तास. म्हणजे सव्वादोन. सव्वादोनला मी लॅपटॉपची वायर कुठे ठेवली ते शोधत होते. टीव्हीच्या मागे सापडली म्हणून मला आनंद झाला होता. त्या वेळी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी हॉलमध्ये परत आले. बोर्ड समोरच होता. तिथे २:३२, इथे ३:५५. माझंच अक्षर. मी डस्टर उचलला. सहाजणी बघत होत्या. मी डस्टर परत ठेवला.

मी तेव्हा मुलींच्या आईबापांना फोन का केले नाहीत, ह्याचा नंतर पुष्कळ विचार केला. शेजारचं कुटुंब सुट्टीवर गेलं होतं, दुसऱ्यांच्या मुली टाकून मला कुठे जाता येत नव्हतं, हे खरं. पण फोन केला असता तर कारण सांगावं लागलं असतं. ते वाक्य तोंडातून काढायची माझी हिंमत नव्हती. बोललं नाही तोवर ते पुरतं घडलेलं नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. मी फिजिक्स शिकवते.

"मॅम, शेवटी नक्की काय होतं त्याचं?" कोणीतरी विचारलं.

मी सांगायला लागले. सवयीनं जीभ चालत होती. "वरच्या विरळ हवेत शिरलं की हवा त्याला ढकलायला लागते. त्याची तबकडी पृथ्वीकडेच राहायला हवी, नाहीतर संदेश तुटेल. म्हणून ते आपली छोटी इंजिनं चालवून स्वतःला सरळ धरून ठेवतं. आधी थोडा जोर लावतं, मग जास्त, मग असेल नसेल तेवढा. तरी हवा जिंकतेच. मग ते कलंडतं. मग एक-दोन मिनिटांत तुटतं आणि वित…"

तो शब्द मला पुरा करता आला नाही. खोकला आल्यासारखं करून मी परत किचनमध्ये गेले. काहीतरी करायला हवं म्हणून चहा टाकायला लागले.

पाठीमागून मिमासवाली आली. आधी तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "मॅम, वेळांचा कागद मला द्या. मी सगळ्यांना वाचून दाखवते. तुम्ही इथे थांबा. तुमचा फोन येणार आहे ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही गॅस लावला, पण वर काही ठेवलं नाही."

चौदा वर्षांची मुलगी. मी तिला कागद दिला. जाताना तिने किचनचं दार लोटून घेतलं, पूर्ण नाही, अर्धं. तिचा आवाज मला वर्षभरात पहिल्यांदाच इतका मोठा ऐकू आला. ती वाचत होती, यान आता किती उंचीवर आहे, किती वेगात आहे. मधेच कोणी म्हणालं, "व्हेअर इज मॅम?" तर ती म्हणाली, "मॅम चहा करतायत. लक्ष द्या."

मी ह्यांच्या मोबाइलला फोन लावत राहिले. तो वाजत होता. वर जाताना फोन लॉकरमध्ये ठेवतात हे मला माहीत होतं. तरी दर वेळी पहिली रिंग गेली की छातीत उडायचं, आणि पाचव्या-सहाव्या रिंगला वाटायचं की मीच त्या लॉकरमध्ये बंद आहे. खिडकीतून डोंगर दिसत होते, उन्हानं पांढरे पडलेले. त्या बाजूला धूळ दिसते का बघत होते. इथे त्या बाजूला रोजच धूळ असते.

चारला दहा कमी असताना मिमासवालीने दारातून फक्त बघितलं. मी बाहेर आले. मुलींनी मला मध्ये जागा केली.

टीव्हीवर एक आलेख दाखवत होते. सपाट रेष आणि मध्ये एक हिरवा टोकदार उंचवटा. तो उंचवटा म्हणजे यानाचा संदेश. तो आहे तोवर यान आहे. बसलेल्या माणसांतलं कोणी हलत नव्हतं. ठरलेली वेळ झाली. उंचवटा होताच. "इट्स फायटिंग," टायटनवाली कुजबुजली. काही सेकंद जास्तच टिकला तो. मग कमी झाला, एकदा परत उठल्यासारखा वाटला, आणि नुसती रेष राहिली.

त्या माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. इथे मुली रडत होत्या. टायटनवालीने माझ्या मांडीत डोकं घातलं आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी दुसऱ्या हातातल्या फोनकडे बघत होते आणि मनातल्या मनात बोलत होते. यानाशी नाही. शनीशी. 'एक घेतलंस ना आज? पुरे. ह्यांना सोड.' अगदी ह्याच शब्दांत. आई घालते तसं तेल मी कबूल केलं, दर शनिवारी, जन्मभर. तेरा वर्षं ज्याचं वजन, वारे आणि कड्यांतल्या बर्फाचे कण मोजून झाले होते त्या ग्रहापुढे मी हात जोडले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

सव्वाचारपासून पालक यायला लागले. दारात उभं राहून मी पाचजणींना निरोप दिला. "थँक यू मॅम, फार छान झालं," एक आई म्हणाली. "पोरगी किती रडली बघा!" मी म्हणाले, "हो ना."

मिमासवालीचे वडील शेवटी आले. ते सरकारी हॉस्पिटलमध्ये नर्स होते. दारातच ती त्यांच्याशी मल्याळममध्ये भराभर बोलली. त्यातला 'प्लँट' एवढा शब्द मला कळला, म्हणजे किचनमधलं माझं फोनवरचं बोलणं तिने हॉलमधून ऐकलं होतं. ते आत आले, चपला काढायलाही विसरले, आणि त्यांनी लगेच आपल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला फोन लावला. बोलून झाल्यावर माझ्याकडे वळले.

"मॅडम, उस प्लँट से अभी तक कोई नहीं आया है."

ते धीर द्यायला म्हणून बोलले होते. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात. त्यांनी मान खाली घातली. तिघंही तसेच उभे राहिलो. कोणी बसलं नाही.

पाच वाजायला आले तेव्हा फोन वाजला. पुन्हा अनोळखी नंबर.

"अगं, मी."

मला आवाज ओळखू आला नाही. खरवडलेला, म्हाताऱ्या माणसासारखा. मी विचारलं, "कोण?"

"अगं, मी. खाली आलोय."

मी फोन त्या मुलीच्या हातात दिला आणि जमिनीवर बसले.

तिच्या वडिलांनीच मला गाडीतून हॉस्पिटलला नेलं. हे इमर्जन्सीच्या खाटेवर बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत पिठात लोळवल्यासारखे. भुवया जळून गेल्या होत्या आणि दोन्ही तळव्यांना बँडेज होतं. मला बघून म्हणाले, "माझं काही नाही. तो आत आहे." तो म्हणजे बरोबरचा फिटर, ओडिशाचा, तिशीतला. गरम पीठ त्याच्या बुटांत गेलं होतं. त्याच्या पायांवर दोन ऑपरेशनं झाली, डाव्या पायाची दोन बोटं गेली. बरा झाल्यावर तो गावी गेला तो परत आला नाही. तोवर हे दर शुक्रवारी त्याला भेटायला जायचे आणि येऊन जेवायचे नाहीत.

वर काय झालं हे मात्र ह्यांनी तेव्हा सांगितलं नाही. कंपनीच्या चौकशीत सांगितलं असेल, मला नाही. मीही विचारलं नाही. लॅबच्या भिंतीवरचे फोटो पुढच्या आठवड्यात मी उतरवले. मुलींना सांगितलं, रंग द्यायचाय. त्यांनी विश्वास ठेवला की नाही कोण जाणे. मिमासवालीने ते फोटो नीट गुंडाळी करून स्वतःच्या घरी नेले.

पुढे अकरा महिन्यांनी ह्यांनी ती नोकरी सोडली. आता आम्ही जबल अलीजवळ राहतो. हे एका गोदामातले सरकते पट्टे बघतात, सगळं तळमजल्यावर. तरी अनोळखी नंबर दिसला की मी आधी भिंतीला धरते आणि मग फोन घेते. ते काही सुटलेलं नाही. पण त्या अकरा महिन्यांतला पहिला दिवस सांगायचा राहिला.

तीन आठवड्यांच्या रजेनंतर हे ड्यूटीवर गेले तो दिवस. सकाळी शूज घातले. लेस बांधताना बोटं नीट वळत नव्हती, मी बांधायला वाकले तर म्हणाले, "राहू दे." ते गेल्यावर मी शाळेला आजारी असल्याचा मेसेज केला, गाडी काढली आणि प्लँटच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन थांबले. एसी चालू ठेवून दिवसभर बसले. बरोबर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. गेटवरचा पठाण वॉचमन एकदा येऊन विचारून गेला. दुसऱ्यांदा त्याने काही न विचारता मला डब्यातला खजूर दिला. तिथून मनोरा पूर्ण दिसत होता. सातव्या मजल्यावर माणसं मुंगीएवढी दिसत होती, त्यांतलं कोण कुठलं ते कळत नव्हतं. ती चालताना दिसली तरी मला धाप लागायची आणि दिसेनाशी झाली तरी लागायची.

साडेपाचला हे बाहेर आले. मला बघून थबकले. रस्ता ओलांडून गाडीत येऊन बसले.

"इथे काय करतेस?"

"काही नाही."

"सकाळपासून?"

हेल्मेट मांडीवर ठेवून ते समोर बघत राहिले. आणि मग, मी न विचारताच, बोलायला लागले.

"आवाज नाही आला गं. मला वाटायचं, मोठा आवाज होईल. सू सू करत आलं फक्त. खालच्या जिन्यावरून वाहत गेलं. खाली जाता येईना म्हणून वर पळालो. रेडिओ कुठे पडला माहीत नाही. वर आठव्यावर गेलो तर स्वतःचा हात दिसत नव्हता. कठडा धरला तर तळवे चिकटले. तो ओरडत होता, मी त्याला ओढत होतो की तो मला, आठवत नाही. दिसत काहीच नव्हतं. नुसता वास. तापलेल्या दगडाचा वास. मग एका बाजूने जरा वेगळा वास आला, समुद्राकडचा, खारट. म्हटलं, वारा तिकडून येतोय. तो वास धरून सरकत गेलो आणि त्या कोपऱ्यात बसून राहिलो. दोन तास."

ते थांबले. मी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. मी म्हणाले, "त्या यानाचेही कॅमेरे शेवटी बंद होते."

"का?"

"फोटो पाठवायला वेळ लागतो. तेवढा वेळ नव्हता त्याच्याकडे. त्यामुळे तिथली हवा हुंगणारी यंत्रं तेवढी चालू ठेवली. शेवटपर्यंत हवा हुंगत होतं आणि कळवत होतं."

ह्यांनी मांडीवरचं हेल्मेट उलटं करून ठेवलं. मला वाटलं, उगाच बोलले.

"काय कळलं मग त्यातून?"

"अजून वाचतायत लोक. बरीच वर्षं वाचतील."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आज मी सातव्यावर गेलो नाही. सहाव्यापर्यंत गेलो आणि उतरलो. पाय लटपटत होते. सगळ्यांनी बघितलं."

"बघू देत."

"उद्या जावं लागेल."

"मग मी येते."

"नको. एवढ्या उन्हात."

"बघते," मी म्हणाले.

गाडी मी लगेच सुरू केली नाही, आणि ह्यांनीही चल म्हटलं नाही. समोरून कंपनीची बस आली, दुसऱ्या पाळीची माणसं घेऊन. गेटपाशी ती थांबली, माणसं एकेक करून उतरली, हातात डबे, डोक्यावर पिवळी हेल्मेटं, आणि ओळीने आत गेली. आम्ही दोघं गाडीत बसून ती मोजत राहिलो.